बांधावरची मुले

दसरा जवळ आला म्हणजे आपल्या जिल्ह्यातील बागाईतदारांच्या बोलण्यात एकच विषय असतो, तो मजुरांचा. छाटणीस माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याचा दर ऐकून छाती दडपते, आणि आज ठरविलेली टोळी उद्या शेजारच्या मळ्यात दिसते. या मासिकातूनही हे गाऱ्हाणे वरचेवर मांडले जाते. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. आमची स्वतःची वडिलार्जित पावणेदोन एकर बाग आहे आणि टोळीची वाट पाहत फाटकाशी उभे राहण्याचा अनुभव आम्हांसही आहे. परंतु या टंचाईचा एक भाग असा आहे की त्यास टंचाई म्हणणे आम्हांस बरोबर वाटत नाही. काम करण्यास स्त्री तयार असते, तिला काम येते, तिच्या हाताला सफाईही असते. पण तिच्या कडेवर मूल असते आणि ते ठेवावयास जागा नसते. अशा स्त्रीस मुकादम टोळीतून गाळतो, किंवा ती मुलास घेऊन येते व अर्धे लक्ष कामावर आणि अर्धे बांधावर ठेवते. दोन्ही प्रकारांत आपले नुकसान आहे. तिचे किती आहे हे आपण कधी मोजलेले नाही.

या मुलांविषयी आम्ही चार शब्द लिहीत आहोत. द्राक्षाच्या व कांद्याच्या मासिकात मुलांचा विषय कशास, असे कोणी म्हणेल. तथापि औषधे, खते, ठिबकच्या नळ्या यांचा विचार ज्या पानांवर होतो, तेथेच या विषयाचा विचार व्हावयास हवा असे आम्हांस वाटते. कारण हा आपल्या शेतीच्या खर्चाचाच एक भाग आहे व तो आजवर आपल्या वहीत मांडला गेलेला नाही.

दिंडोरी, निफाड व नाशिक या तालुक्यांतील बागा मोठ्या अंशी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर इकडील हातांवर उभ्या आहेत, हे सर्वांस ठाऊक आहे. तिकडे पाऊस उदंड, पण तो सारा घाटाखाली वाहून जातो. भात, नागली, वरई घरात आली की पाड्यावर काम उरत नाही आणि विहिरीही लवकर तळाला लागतात. मग कुटुंबेच्या कुटुंबे गाठोडी बांधून खाली उतरतात. गिरणारे येथे सकाळी जो मजुरांचा बाजार भरतो तो ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी त्या गर्दीतील लहान मुलेही पाहिली असतील. दर ठरविताना त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, किंवा गेले तर ‘लेकरं किती हायेत?’ असे विचारून दर पाडला जातो. छाटणी, मग पेस्ट, मग फेलफुटी काढणे, शेंडा मारणे, थिनिंग, डिपिंग, घडांस कागद लावणे, आणि शेवटी खुडा. खुडा आटोपतो न आटोपतो तोच एप्रिलची खरड छाटणी. कांद्याकडे पाहिले तर पौषाच्या थंडीत चिखलात वाकून रोप लावणे व उन्हाळ्यात काढणी आणि पात कापणे. म्हणजे दसऱ्यापासून आखाजीपर्यंत सहा-सात महिने ही मुले आपल्या बांधावर असतात. त्यांच्या आयुष्याच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतील निम्मा काळ आपल्या मळ्यात जातो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

ती तेथे कशी असतात? तान्हे मूल मांडवाच्या लोखंडी अँगलला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत असते. पुढच्या ओळीत फवारणी चालू असली तर आई झोळी सोडून मागच्या ओळीत बांधते; वारा कोणीकडचा आहे हे पाहण्यास तिला सवड असते असे नाही. रांगणारे मूल मातीत असते. औषधाचे रिकामे डबे, बाटल्या, डिपिंगचे मग त्याच्या हाती लागतात. चालते मूल तर कोठेही जाते. निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांत उसाच्या आश्रयाने बिबट्या राहू लागल्यापासून चालत्या मुलास नजरेआड करणे ही जिवावरची गोष्ट झाली आहे. साप, विंचू हे तर पूर्वीपासूनचे. आणि या सर्वांवर कडी करणारी वस्तू आपण स्वतःच गेल्या काही वर्षांत घरोघर करून ठेवली आहे, ती म्हणजे शेततळे.

शेततळ्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्यापूर्वीही आपल्याकडे तळी होती, आणि त्यांनी कित्येक बागा उन्हाळ्यात जगविल्या आहेत. परंतु प्लास्टिकचा कागद पसरलेल्या तळ्याची बाजू किती निसरडी असते हे ज्याने एकदा आत उतरून पाहिले त्यास कळते. पोहता येणारा जवान गडीही दोराशिवाय वर येऊ शकत नाही. तेथे चार वर्षांच्या मुलाची काय कथा!

येथे आम्हांस स्वतःच्या नोकरीतील एक गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही महसूल खात्यात कारकून होतो. एका हिवाळ्यात आमच्या टेबलावर एक प्रकरण आले. थिनिंगला आलेल्या एका कुटुंबाचे चार वर्षांचे मूल तळ्यात बुडाले होते. तलाठी नवीन होता म्हणून जबाब नीट उतरविण्यास आम्हांस त्याच्यासोबत जावे लागले. मूल कोणाच्या ताब्यात होते, असा जबाबात प्रश्न असतो. ते त्याच्या बहिणीच्या ताब्यात होते. बहिणीचे वय आठ. तिच्या कडेवर आणखी एक तान्हे होते व ती त्याला झोपवीत होती. तेथे जमलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने त्या मुलीस एकच प्रश्न विचारला, ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ बागाईतदाराने विचारला, मुकादमाने विचारला, बापाने विचारला. जबाब लिहिता लिहिता आम्हीही विचारला. मुलीने उत्तर दिले नाही. ती कडेवरचे मूल हालवीत राहिली.

तिच्या आईस आम्ही जरा रागानेच म्हणालो की, एवढी लहान मुले कामावर आणता कशाला? ती म्हणाली, ‘भाऊसाहेब, घरी कोनापाशी ठेवू? घर तर इथंच बांधून आनलंय.’ त्यांचे घर म्हणजे बागेच्या कडेस चार काठ्यांवर टाकलेला निळा कागद होता.

कचेरीत परत आल्यावर या कुटुंबास काही मदत देता येईल काय, हे आम्ही नियमांत शोधले. सापडले नाही. आज गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने जी शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून चालू आहे, तिच्यातही वयाची अट १० ते ७५ वर्षांची असून ती वहितीधारक खातेदार व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यापुरती आहे. ज्याच्या नावे जमीन नाही, त्याचे चार वर्षांचे मूल दुसऱ्याच्या जमिनीत मेले, तर ते या चौकटीत कोठेच बसत नाही. आम्ही कागदावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारला.

महसुली दप्तराची एक गंमत वाचकांस सांगतो. गावाचे एकवीस नमुने असतात. बांधावरचे झाड, विहीर, पोटखराबा, पाण्याचे साधन, या सर्वांस त्यांत जागा आहे. नमुना तेरा गावच्या लोकसंख्येचा व जनावरांचा आहे. माणसे आणि गुरे एकाच नमुन्यात. परंतु सहा महिने गावात राहून गावची पिके उभी करणाऱ्या परगावच्या माणसांस कोणत्याही नमुन्यात ओळ नाही. ते ज्या गावचे, तेथे नाहीत; जेथे आहेत, तेथले नव्हेत. अशा स्थितीत त्यांच्या मुलांसाठी असलेल्या सोयी त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, यात नवल ते काय?

सोयी मुळीच नाहीत असे नव्हे. गावोगाव अंगणवाडी आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिने मुलांच्या आहाराचे व लसीकरणाचे पुष्कळ काम केले आहे. अंगणवाडीतील ताईंच्या कष्टांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु अंगणवाडीची वेळ व मळ्याची वेळ यांचा मेळ नाही. मजूर स्त्री सकाळी सातच्या आत घराबाहेर पडते व सायंकाळी परतते. अंगणवाडी थोडे तास भरते आणि दुपारी मुलास घरी पाठविते. घरी म्हणजे कोठे? शिवाय रोज येऊन बसावयाचे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी. तीनच्या आतील मुलास घरी नेण्याचा कोरडा आहार मिळतो, पण त्यास दिवसभर सांभाळणारे कोणी नसते, आणि खरी अडचण या तीनच्या आतल्यांचीच आहे. राहता राहिला नोंदीचा प्रश्न. परगावच्या मुलासही आहार द्यावा अशा सूचना आहेत, फोनवरील नोंदवहीत स्थलांतराची सोयही आहे. तरी मळा गावठाणापासून दोन-तीन मैलांवर असला तर त्या मुलास तेथवर पोचविणार कोण? सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात असे सांगितले आहे की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील निदान ४० मुले आहेत व अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. तीन महिन्यांत आपला खुडा संपत येतो व वस्ती उठून जाते.

‘अंगणवाडी’ हा शब्द ज्यांनी आपल्या भाषेस दिला त्या ताराबाई मोडक यांची मूळ कल्पना मात्र यापेक्षा कितीतरी व्यापक होती, आणि ती येथे थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण ती आपल्याच सह्याद्रीच्या पलीकडे, आपल्याकडील मजुरांसारख्याच लोकांत घडली. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ या पूर्वी काही काळ आपल्या चांदवड तालुक्यात शिक्षिका होत्या. बोर्डीस असे दिसून आले की बालवाडी थाटून बसले म्हणजे गरिबांची मुले आपण होऊन येतात असे नाही. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये ही मंडळी डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेली. तेथे शाळेत मुली का येत नाहीत, याचा शोध घेता कारण सापडले ते असे की, मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते. ते खाली ठेवल्याशिवाय ती पाटी हातात धरू शकत नाही. सबब त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला ‘विकासवाडी’ हे नाव दिले. मोठीने धाकट्यास पाळणाघरात ठेवावे आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, ती याच विचाराने. ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण मिळाले. शब्द आपण घेतला, तो देशभर गेला. पाळणाघर मात्र वाटेत कोठे गळाले ते कळले नाही.

कायद्यांचाही इतिहास असाच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले होते; १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने चहा, कॉफी, रबर यांच्या मळ्यांसही तसेच बांधून घेतले. आसामातील चहाच्या मळ्यात पाळणाघर असावे आणि नाशिकच्या द्राक्षमळ्यात नसावे, यास कायद्याच्या व्याख्येपलीकडे काही कारण आम्हांस सुचत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही अट घातली ती पन्नास कामगारांची. आपल्यापैकी दोन-चार एकरवाल्यास पन्नास कामगार कधी लागतच नाहीत. लागतात ते आज याच्याकडे पंधरा, उद्या त्याच्याकडे वीस. गाव मिळून पाचशे होतात, पण कायदा गाव मोजत नाही, मालक मोजतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मात्र एक फार शहाणी तरतूद होती: कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आल्यास त्यांच्या संभाळास एक स्त्री नेमावी व तिला इतरांप्रमाणेच मजुरी द्यावी. आम्ही हजेरीपट पुष्कळ हाताळले. मुले सांभाळणारीचे नाव त्यांत आम्हांस विरळाच आढळले. मागणी कोणी केली नाही, असे उत्तर मिळे. आणि आम्हीही ते लिहून घेत असू.

सरकारने २००६ साली पाळणाघरांची राष्ट्रीय योजना आणली, आणि २०२२ पासून ती ‘पाळणा’ या नावाने चालते. अंगणवाडीस जोडून देशभर १७,००० पाळणाघरे करण्याचा संकल्प आहे. महिन्यास २६ दिवस, रोज साडेसात तास, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले, अशी तिची रचना आहे व ती चांगली आहे. परंतु ती एका जागी स्थिर असलेल्या वस्तीसाठी आहे. आपली वस्ती हंगामी. शिवाय साडेसात तासांत मळ्याचा दिवस व जाण्यायेण्याची वाट मावत नाही. तेव्हा सरकारकडे मागणी अवश्य करावी, पण ती पुरी होईतो हात बांधून बसू नये, असे आमचे मत आहे.

इतर ठिकाणी लोकांनी हे केले आहे. दिल्लीस १९६९ साली मीरा महादेवन यांनी इमारतीच्या बांधकामावर, मजूर स्त्रिया विटा वाहत होत्या तेथेच, तंबूत पाळणाघर सुरू केले. काम हलले की पाळणाघर हलावयाचे. त्यातूनच फिरत्या पाळणाघरांची संस्था उभी राहिली व तिचे काम पुढे मुंबई-पुण्यासही आले. अहमदाबादेस ‘सेवा’ संघटनेच्या स्त्रियांनी मुले सांभाळणाऱ्यांची सहकारी संस्थाच काढली. शेजारच्या कर्नाटकाने २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात ग्रामपंचायतींमार्फत ४,००० पाळणाघरे काढण्याचे जाहीर केले. सहकाराची आपल्या जिल्ह्यास काही नवलाई नाही. कांद्याच्या चाळी, पाणीवापर संस्था, द्राक्षांची निर्यात, हे सर्व आपण एकत्र येऊन केलेच ना?

आता खर्चाचे बोलू, कारण शेतकऱ्यापुढे हिशेब मांडल्याशिवाय बाकीचे बोलणे वाऱ्यावर जाते. समजा, सहा-सात बागाईतदारांकडे मिळून रोज साठ स्त्रिया कामास आहेत व त्यांची सहा वर्षांखालील वीस मुले आहेत. त्यांस सांभाळण्यास दोन बाया व स्वयंपाकास एक, अशा तिघी ठेवल्या. मजुरी चारशे धरली तर तिघींचे बाराशे. खिचडी, दूध, एखादे केळे मिळून मुलामागे तीस रुपये धरले तर सहाशे. एकूण अठराशे. साठ स्त्रियांची मजुरी होते चोवीस हजार. म्हणजे मजुरीच्या रुपयामागे साडेसात पैसे, अथवा एका स्त्रीच्या एका दिवसामागे तीस रुपये. एकरास हंगामात स्त्रियांचे शंभर दिवस लागले असे धरले तर तीन हजार रुपये होतात. आकडे आमच्या अंदाजाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतील दर घालून ते करून पाहावे. एकराच्या औषधांचे बिल हाताशी ठेवून करावे, म्हणजे प्रमाण ध्यानात येईल.

हे पैसे मातेकडून घ्यावे काय? शहरात पाळणाघरवाली मुलामागे महिन्याचे पैसे घेते, आणि पिंपळगाव, ओझर येथे सुखवस्तू घरांतील मुलांसाठी अशा शाळा निघाल्या आहेत. जिला बारमाही काम आहे तिने काही वाटा उचलावा हे ठीक. पण जी सहा महिन्यांच्या मजुरीवर वर्ष काढते, तिच्यापुढे दहा रुपयांची पावती ठेवली तर ती पावती घेणार नाही, झोळी बांधील. म्हणून निदान पहिल्या हंगामास तरी हा भार बागाईतदारांनी, ज्याच्याकडे जितक्या स्त्रिया त्या प्रमाणात, सोसायटीमार्फत उचलावा असे आम्ही म्हणतो. मुकादमाच्या उचलीत तो मुळीच मिसळू नये. मिसळला की अखेर तो मजुराच्या अंगावर फिरेल, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे.

सांभाळणारी बाई कोण असावी, याविषयीही आमचे मत निश्चित आहे. ती त्यांच्याच पाड्याची असावी. कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या मुलांस आपली बोली नीट समजत नाही, मग प्रमाणपत्र घेऊन आलेली मुलगी त्यांस कशी गप्प करणार? प्रत्येक टोळीबरोबर एखादी वयस्क स्त्री येते, जिची कंबर आता वाकत नाही व जी थिनिंगच्या शिडीवर चढू शकत नाही. तिला आज कोणी मजुरी देत नाही. तिला द्यावी. दुसरी एक गावातली, शिकलेली असावी, म्हणजे अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र यांच्याशी गाठ घालून देता येईल आणि लस चुकणार नाही. जागा फवारणीपासून दूर, पाण्यापासून दूर, सावलीची व कुंपणाची असावी. आणि तळ्यास कुंपण, तळ्यात दोर व ट्यूब, हे तर पाळणाघर होवो न होवो, करावयाचेच आहे. त्यास सभेची वाट पाहण्याचे कारण नाही.

आमचे काही मित्र म्हणतात, मूल आपल्या पाळणाघरात असता काही झाले तर पोलीस आपल्या दारी येतील. बांधावर झाले तर निदान जबाबदारी त्यांची. या बोलण्याचा आम्हांस राग येत नाही, कारण भय खरे आहे. परंतु मूल बांधावर आहे तेव्हाही तो बांध आपलाच असतो. दुसरे म्हणतात, अशी सोय केली तर मुलेबाळे असलेल्याच टोळ्या आपल्याकडे येतील. येऊ देत! छाटणीस माणूस मिळत नाही म्हणून रडणाऱ्याने याची धास्ती का घ्यावी? उक्त्या कामाच्या टोळीत आज लेकुरवाळी नको असते, कारण ती मागे पडली की साऱ्यांचा दर पडतो. तिचे मूल कोणी सांभाळले तर ती मागे का पडेल?

तिसरा आक्षेप असा की, आपल्याच घरच्या बायकांची मुले सांभाळण्यास कोणी नाही, तेथे परक्यांचे काय? हा आक्षेप आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्वी सासू घरी असे, आता तीही बागेत असते. जावा वेगळ्या निघाल्या. सून डिपिंगचा मग हाती घेऊन उभी आणि तिचे मूल फोन पाहत शेडमध्ये. हे आम्ही आमच्या घरी पाहतो. तर मग वीस मुलांत आपली चार असू द्यावीत. एका पंगतीस बसण्यास कोणाची हरकत निघाल्यास ती उघड सभेत निघावी.

२०१० साली आपली द्राक्षे औषधाच्या अंशामुळे युरोपात अडली, तेव्हा केवढा हाहाकार झाला हे सर्वांस स्मरत असेल. त्यानंतर कोणत्या दिवशी कोणते औषध किती मारले हे आपण वहीत टिपावयास शिकलो; पूर्वी कोणी सांगितले असते तर हसलो असतो. त्या वहीत एक रकाना वाढवावा, इतकेच प्रथम मागणे आहे: आज कामावर स्त्रिया किती, त्यांच्यासोबत सहाखालील मुले किती, आणि त्यांस सांभाळणारे कोण, त्याचे वय किती. हा शेवटचा आकडा आठ किंवा नऊ असा लिहिताना हात थांबतो की नाही ते पाहावे. ती मुलगी शाळेत असावयास हवी होती. २००९ च्या कायद्याने तिला तो हक्क दिला आहे, आणि आपण तिच्याकडून एका मोठ्या माणसाचे काम बिनमजुरीने करवून घेत आहो.

आमच्या गावी सोसायटीच्या गोदामास लागून एक खोली आहे. रब्बीचे खत येते तेवढे पंधरा दिवस सोडले तर ती रिकामी असते. मागे ओटा आहे, पुढे लिंबाची सावली आहे, नळ आहे. आम्ही ती गेल्या आठवड्यात उघडून पाहिली. एका खिडकीस दार नाही आणि पोत्यांचा वास आहे; दोन दिवस धुतली व चुना दिला तर वीस मुले सहज बसतील. सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी अर्ज आम्ही लिहून दिला आहे व त्यावर सात खातेदारांच्या सह्या झाल्या आहेत. खोलीची किल्ली सचिवांकडे आहे. छाटणी पुढच्या पंधरवड्यात सुरू होईल.